औषध जुनंच, वेष्टण नवं

'नॅनो' हा शब्द मराठी घरांत शिरला तो प्रयोगशाळेतून नाही, टाटांच्या गाडीतून. २००८ च्या जानेवारीत दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात ती छोटी गाडी दिसली आणि नॅनो म्हणजे लहान, हे शेंबड्या पोरालाही कळलं. मग तो शब्द पाण्याच्या फिल्टरवर चिकटला, वॉशिंग मशीनवर चिकटला, रंगाच्या डब्यावर चिकटला. २०१८ मध्ये गाडीचं उत्पादन थांबलं, शब्द मात्र राहिला.

आणि त्या शब्दाबरोबर एक चित्रही राहिलं. वैद्यकातलं नॅनो म्हटलं की रविवारच्या पुरवणीत एक ठरलेलं चित्र असतं बघा. लालभडक रक्तवाहिनी, तिच्यातून पोहत जाणारा कोळ्यासारखा इवलासा यंत्रमानव, आणि त्याच्या चिमट्यात सापडलेली कर्करोगाची पेशी. खाली ओळ: येत्या दहा-पंधरा वर्षांत हे शक्य होणार! मी कॉलेजात असल्यापासून हे चित्र पाहतोय. माझे केस पांढरे झाले, त्या यंत्रमानवाची दहा-पंधरा वर्षं काही संपलेली नाहीत.

चित्राचा उगम तसा जुना आहे. २९ डिसेंबर १९५९ रोजी रिचर्ड फाइनमन या भौतिकशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियात एक भाषण दिलं. पदार्थाच्या तळाशी, अणूंच्या पातळीवर, काम करायला भरपूर जागा आहे, असा त्याचा गाभा. त्यात त्यांनी अल्बर्ट हिब्ज या आपल्या मित्राची एक कल्पना सांगितली, की यंत्रं पुरेशी लहान झाली तर माणसाला शल्यविशारद गिळूनच टाकता येईल! १९६६ साली हॉलिवूडने 'फँटॅस्टिक व्हॉयेज' काढला, ज्यात एक पाणबुडी माणसांसकट लहान होऊन एका शास्त्रज्ञाच्या रक्तात शिरते. 'नॅनोटेक्नॉलॉजी' हा शब्द नोरिओ तानिगुची या जपानी प्राध्यापकांनी १९७४ मध्ये वापरला, आणि १९८६ मध्ये एरिक ड्रेक्सलर यांच्या पुस्तकाने तो जगभर नेला. भाषण, सिनेमा, शब्द, पुस्तक... सगळं कसं यथासांग झालं. फक्त गिळायचा सर्जन तेवढा आला नाही.

गंमत अशी की या सगळ्या गाजावाजात खरं नॅनो-औषध १९९० मध्ये युरोपातल्या दवाखान्यांत दाखल झालं होतं, आणि त्यात यंत्र नावाला नव्हतं. तो होता चरबीचा एक बुडबुडा. त्यात घातलेलं औषधही नवीन नव्हतं, तीसेक वर्षं वापरात असलेलं होतं. नवं होतं ते वेष्टण. मला या वेष्टणाचीच गोष्ट आज सांगायची आहे, कारण ती व्हेनेझुएलातल्या मातीत सुरू होते, केंब्रिजजवळ अंड्याच्या बलकातून जाते, बिहारच्या मुसहर टोल्यांत पोचते, मधेच परळला थांबते आणि २०२१ च्या मे महिन्यात आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन आदळते. तर...

आधी औषध. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या स्क्विब कंपनीचे संशोधक जगभरची माती तपासत होते. पेनिसिलिन, स्ट्रेप्टोमायसिनच्या यशानंतर मातीतल्या सूक्ष्मजीवांकडे सगळ्यांचंच लक्ष लागलं होतं. व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीच्या खोऱ्यातल्या मातीत त्यांना एक जंतू सापडला. तो जो पदार्थ तयार करायचा त्याने बुरशी मरत होती. हा पदार्थ आम्लासारखाही वागतो आणि अल्कलीसारखाही, म्हणून त्याचं नाव ठेवलं अ‍ॅम्फोटेरिसिन-बी.

बुरशी मारणं हे जिवाणू मारण्यापेक्षा अवघड काम आहे. जिवाणू आपल्यापासून फार वेगळा असतो. बुरशी मात्र जीवसृष्टीच्या वंशावळीत आपली जवळची नातेवाईक. तिच्या पेशीचं आवरण आपल्या पेशीसारखंच. फरक एवढाच की आपल्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं, तिच्या आवरणात त्याचंच भावंड असलेलं एर्गोस्टेरॉल. अ‍ॅम्फोटेरिसिन एर्गोस्टेरॉलला जाऊन चिकटतं आणि बुरशीचं आवरण फुटकं करतं. पण भावंडं दिसायला सारखी असली की जे व्हायचं तेच होतं. औषध थोडंफार आपल्या कोलेस्टेरॉललाही चिकटतं, आणि त्याचा सगळ्यात मोठा फटका बसतो किडनीला.

शिवाय हे औषध पाण्यात विरघळत नाही. शिरेतून द्यायचं तर त्यात पित्तातला एक क्षार मिसळून कसंबसं पाण्यात आणायचं. सलाइन सुरू झालं की काही वेळात रुग्णाला हुडहुडी भरते, खाट हलायला लागते, मग ताप. इंग्रजी बोलणारे डॉक्टर त्याच्या नावातलं शेवट बदलून त्याला 'अ‍ॅम्फोटेरिबल' म्हणायचे. तरीही ते द्यावं लागे, कारण शरीरात खोल पसरलेल्या बुरशीवर दुसरं भरवशाचं औषध पुष्कळ काळ नव्हतंच. बुरशीने मरायचं की किडनी पणाला लावायची, एवढाच पर्याय.

आता वेष्टण. १९६१ साली केंब्रिजजवळच्या बाब्रॅहम इथल्या संस्थेत नवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला होता. अ‍ॅलेक बँगहॅम हे तिथले रक्ताचा अभ्यास करणारे संशोधक. लेसिथिन नावाचा स्निग्ध पदार्थ (अंड्याच्या बलकात हा भरपूर असतो) पाण्यात ढवळून ते आणि त्यांचे सहकारी आर. डब्ल्यू. हॉर्न सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. दिसलं ते असं: स्निग्ध पदार्थाचे रेणू आपणहून दोन-दोन थरांत मांडले गेले होते आणि त्यांचे बंद गोळे झाले होते, आत पाणी, बाहेर पाणी. हुबेहूब पेशीचं आवरण! कोणी घडवलं नव्हतं, चिमट्याने जोडलं नव्हतं. लेसिथिनच्या रेणूचं डोकं पाण्याकडे ओढलं जातं आणि शेपटी पाण्यापासून पळते, एवढ्या एका स्वभावामुळे ते आपोआप झालं होतं.

बँगहॅम यांना औषधाशी काही देणंघेणं नव्हतं. पेशीच्या आवरणातून क्षार कसे आत-बाहेर जातात हा त्यांचा प्रश्न. १९६५ मध्ये त्यांनी त्यावर महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. या गोळ्यांना काही सहकारी थट्टेने 'बँगहॅसोम' म्हणत. पुढे जेराल्ड वाइसमन यांनी सुचवलेलं 'लायपोसोम' हे नाव रुजलं. १९७१ मध्ये लंडनमध्ये ग्रेगरी ग्रेगोरिआडिस आणि ब्रेंडा रायमन यांनी या गोळ्यांत एक एन्झाइम कोंडून उंदरांना टोचलं, आणि मग प्रश्न उभा राहिला: यातून औषध का पाठवू नये?

आपल्या स्वयंपाकघरातली उपमा द्यायची तर लायपोसोम म्हणजे उकडीचा मोदक. बाहेर पारी, आत सारण. पाण्यात विरघळणारं औषध असेल तर ते सारण म्हणून आत भरायचं. पण अ‍ॅम्फोटेरिसिन पडलं पाण्याचा तिटकारा असणारं. ते आत राहत नाही, पारीतच जाऊन बसतं. म्हणजे हा मोदक नव्हे, मेथी पिठातच मळलेला ठेपला म्हणा. आणि ते सोयीचंच झालं. पारीत ते इतकं घट्ट बसतं की रक्तातून जाताना सहजी सुटत नाही, किडनीच्या वाट्याला कमी येतं, आणि बुरशी भेटली की तिथे सुटतं. १९८५ मध्ये ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयातल्या गाब्रिएल लोपेझ-बेरेस्टाइन आणि सहकाऱ्यांनी कर्करोगाच्या रुग्णांमधल्या बुरशीवर हे करून दाखवलं. १९९० मध्ये 'अँबिसोम' नावाने असं औषध युरोपात आलं, १९९७ मध्ये अमेरिकेत. गोळ्याचा आकार साधारण ८० नॅनोमीटर. आपल्या रक्तातल्या एका तांबड्या पेशीच्या रुंदीवर असे नव्वदेक गोळे ओळीत मांडता येतील. अमेरिकेत मान्यता मिळालेलं पहिलं नॅनो-औषध म्हणून ज्याचं नाव घेतात ते डॉक्सिल हे कर्करोगाचं औषधही असंच, जुन्या विषारी औषधाला नवी पारी. साल १९९५.

इथे एक अडचण सांगायला हवी, कारण पुढची गंमत त्या अडचणीतच आहे. रक्तात काहीही परकं, गोल, स्निग्ध असं दिसलं की आपल्या शरीरातल्या भक्षक पेशी ते गिळून टाकतात. या पेशींचे अड्डे म्हणजे यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जा. कर्करोगावर काम करणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत झाली. औषध पाठवायचं होतं गाठीकडे, जाऊन बसत होतं यकृतात. त्यांनी वर्षानुवर्षं खपून या भक्षक पेशींना चकवणारं आणखी एक आवरण शोधलं, तेव्हा कुठे डॉक्सिल झालं.

पण जगात एक रोग असा होता की त्याचा जंतू नेमका याच भक्षक पेशींच्या पोटात, याच यकृत-प्लीहा-अस्थिमज्जेत बिऱ्हाड करून राहतो. तो रोग म्हणजे काळा आजार. कर्करोगवाल्यांची जी अडचण, तीच इथे वरदान! पत्ता लिहायचीही गरज नाही, पाकीट आपोआप योग्य घरी पडतं. १९७७-७८ मध्ये तीन निरनिराळ्या गटांनी हे प्राण्यांमध्ये सिद्ध केलं. काळ्या आजारावरचं जुनं अँटिमनीचं औषध लायपोसोममधून दिलं तर शेकडो पटींनी प्रभावी ठरत होतं.

काळा आजार महाराष्ट्राला फारसा ठाऊक नाही. बिहार, बंगाल, झारखंड, उत्तर प्रदेशचा पूर्व भाग हा त्याचा मुलूख. सँडफ्लाय नावाची डासाहूनही लहान माशी तो पसरवते. ताप येत-जात राहतो, प्लीहा वाढून पोट फुगतं, हातापायांच्या काड्या होतात, कातडी काळवंडते. उपचार नाही मिळाला तर माणूस बहुधा जातोच. या रोगाचा जंतू १९०३ मध्ये विल्यम लीशमन आणि मद्रासचे चार्ल्स डोनोव्हन यांनी जगापुढे आणला. औषध मिळालं १९२० मध्ये, कलकत्त्याच्या कॅम्बेल हॉस्पिटलमधल्या एका कोंदट खोलीत. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी तिथे रॉकेलच्या दिव्यावर काम करत. त्यांनी अँटिमनीपासून 'युरिया स्टिबामाइन' बनवलं आणि हजारोंचे प्राण वाचले. जर्मनीत पॉल एर्लिख 'जादूची गोळी' म्हणत, म्हणजे रोगजंतू तेवढा टिपेल आणि माणसाला धक्का लावणार नाही असं औषध. ब्रह्मचारींचं काम त्याच वाटेवरचं.

पण सत्तर वर्षांत जंतू शहाणा झाला. १९९० च्या दशकात उत्तर बिहारमध्ये, विशेषतः मुझफ्फरपूरच्या भागात, निम्म्याहून अधिक रुग्णांना अँटिमनीचा उपयोग होईना. १९९२ मध्ये देशात ७७ हजारांच्या आसपास रुग्ण नोंदले गेले. मग डॉक्टरांनी कपाटातलं ते जुनं विष काढलं. अ‍ॅम्फोटेरिसिन-बी या जंतूवरही चालतं, कारण त्याच्याही आवरणात एर्गोस्टेरॉलचीच जातकुळी असते. पण द्यायचं कसं? दिवसाआड एक अशी पंधरा सलाइन, म्हणजे महिनाभर रुग्णालयात. दर वेळी ती हुडहुडी, दर थोड्या दिवसांनी किडनीची तपासणी. आता हा रोग कुणाला होतो ते आठवा. मातीच्या, ओल धरणाऱ्या भिंतींच्या झोपडीत राहणाऱ्याला. मुसहरासारख्या समाजांना, ज्यांच्या घरी एक दिवसाची मजुरी बुडाली तर चूल पेटत नाही. तीस दिवस खाटेवर म्हणजे त्यांच्यासाठी गाय विकणं, कर्ज काढणं, किंवा उपचार अर्धा सोडून पळून जाणं.

या ठिकाणी त्या चरबीच्या बुडबुड्याने काय केलं ते पाहा. बनारस हिंदू विश्वविद्यालयाचे डॉ. श्याम सुंदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुझफ्फरपूरला ४१२ रुग्णांवर चाचणी घेतली, तिचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. ३०४ जणांना लायपोसोममधलं अ‍ॅम्फोटेरिसिन एकदाच दिलं, वजनाच्या दर किलोला १० मिलिग्रॅम. १०८ जणांना जुन्या पद्धतीने पंधरा सलाइन. सहा महिन्यांनी पाहिलं तर पहिल्या गटातले ९५.७ टक्के बरे होते, दुसऱ्यातले ९६.३ टक्के. म्हणजे एका दिवसाचा उपचार आणि एक महिन्याचा उपचार जवळपास बरोबरीचा! औषध तेच. रेणू तोच, ओरिनोकोच्या मातीतला. फक्त पारी बदलली आणि तीस दिवसांचा एक दिवस झाला.

मी या आकड्यांपाशी बराच वेळ थांबलो होतो. वैद्यकातली क्रांती म्हटली की आपण नवं औषध, नवं यंत्र, नवी शस्त्रक्रिया असंच समजतो. इथे रुग्णाची मजुरी वाचली, गाय वाचली, ही क्रांती नव्हे तर काय?

पण... हा 'पण' फार मोठा आहे. पारीची किंमत सारणाच्या कित्येक पट होती. जागतिक आरोग्य संघटनेने घासाघीस करून २००७ मध्ये गरीब देशांसाठी सवलतीचा भाव मिळवला, ५० मिलिग्रॅमच्या एका कुपीला १८ डॉलर. ३५ किलोच्या रुग्णाला एका वेळी सात कुप्या लागतात, म्हणजे सवलतीतही १२६ डॉलर. झोपडीतला माणूस हे देऊ शकत नव्हता हे उघड आहे. शेवटी गिलियड कंपनीने २०११ च्या अखेरीस संघटनेशी करार करून पाच वर्षांत चार लाख ४५ हजार कुप्या दान द्यायचं कबूल केलं, पुढे त्याला मुदतवाढही दिली. २०१४ पासून भारताच्या कार्यक्रमात हा एका दिवसाचा उपचार आला. फवारणी, झटपट रक्ततपासणी, पक्की घरं आणि हे औषध यांच्या जोरावर २०२३ मध्ये देशातले रुग्ण सहाशेच्या आत आले. ७७ हजारांवरून सहाशेच्या आत. आनंदच आहे. तरी एक गोष्ट टोचत राहते, की या विजयाचा एक खांब दानावर उभा होता.

आता परळ. हे सगळं होत असताना आपल्या मुंबईत कुणीतरी वेगळा विचार करत होतं. केईएम रुग्णालय आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांचे सहकारी, आणि दिल्ली विद्यापीठात जीवरसायनशास्त्रज्ञ बिमल कुमार बच्छावत, यांनी मिळून इथेच लायपोसोममधलं अ‍ॅम्फोटेरिसिन तयार केलं आणि बुरशीच्या व काळ्या आजाराच्या रुग्णांवर ते तपासलं. परदेशी औषधाची ही नक्कल नव्हती. घडण वेगळी होती. रुग्णाला देण्याआधी ते काही वेळ ध्वनिलहरींच्या यंत्रात ठेवावं लागे, म्हणजे गोळे फुटून लहान होत. थोडं कटकटीचं खरं, पण आपल्या आवाक्यातलं. पुढे लाइफकेअर इनोव्हेशन्स या कंपनीने ते 'फंगिसोम' नावाने बाजारात आणलं.

खरं सांगतो, केईएमच्या फाटकासमोरून मी शेकडो वेळा गेलो असेन. नातेवाइकांची गर्दी, फुटपाथवर पथारी पसरलेली माणसं, चहाची टपरी. या इमारतीत भारतातलं एक पहिलंवहिलं नॅनो-औषध रुग्णांवर तपासलं गेलं, हे मला कुठल्या पुरवणीत कधी वाचायला मिळालं नाही. यंत्रमानवाचं चित्र मात्र दर वर्षी मिळालं. असो.

मग आला २०२१ चा मे. कोरोनाची दुसरी लाट, घरोघरी स्टेरॉइड, त्यात मधुमेह, आणि त्यावर म्युकरमायकोसिस. काळी बुरशी. नाकातून डोळ्यात, डोळ्यातून मेंदूत जाणारी. २८ जूनपर्यंत देशात ४० हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली, आणि महाराष्ट्र त्यात सगळ्यात पुढच्या राज्यांत. एक शब्द, जो तोवर फक्त डॉक्टरांना माहीत होता, तो रिक्षावाल्यांच्याही तोंडी आला: लायपोसोमल.

माझ्या एका मित्राचे वडील तेव्हा भरती होते. वजन साठ किलो. दर किलोला पाच मिलिग्रॅम रोज, म्हणजे रोजच्या सहा कुप्या. दोन आठवड्यांच्या चौऱ्याऐंशी. एका कुपीची छापील किंमत सहा-सात हजार रुपये, म्हणजे हिशेब पाच-सहा लाखांवर, आणि तेही मिळाली तर! डॉक्टर रोज सकाळी सांगायचे, लायपोसोमल मिळतंय का बघा, नाहीतर साधं द्यावं लागेल. साधं म्हणजे तेच, १९५० च्या दशकातलं. त्याची कुपी काही शे रुपयांत मिळायची. आम्ही आठ-दहा जण फोनवर बसून असायचो. नाशिकला चार आहेत, लातूरला दोन आहेत, अमुक नंबरवर विचारा, तो नंबर बंद. काकांना काही दिवस हे मिळालं, काही दिवस ते. ज्या दिवशी साधं चढायचं त्या दिवशी खाट हलायची आणि दोन दिवसांनी रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन वर गेलेलं असायचं. काका वाचले. एक डोळा गेला. किडनी हळूहळू सावरली. त्यांच्या शेजारच्या खाटांवरच्या सगळ्यांना ते भाग्य लाभलं नाही.

त्या दिवसांत केंद्राने दिलेले आकडे मी नंतर मांडून पाहिले. देशात हे औषध बनवणाऱ्या कंपन्या पाच (त्यांत परळच्या औषधाची ती कंपनीही होती), एक कंपनी आयात करणारी, आणि मे महिन्यात आणखी पाच कंपन्यांना परवाने. मेमधलं देशी उत्पादन साधारण एक लाख ६३ हजार कुप्या, आयात तीन लाख ६३ हजार. दोन्ही मिळून सव्वापाच लाखांच्या वर. काकांच्या चौऱ्याऐंशी कुप्यांनी भागलं तर सव्वासहा हजार रुग्णांपुरत्या. आणि रुग्ण हजारोंनी वाढत होते. १२ जूनला या औषधावरचा जीएसटी शून्यावर आणला गेला, पण अडचण नुसती कराची नव्हती. अ‍ॅम्फोटेरिसिनपेक्षा तुटवडा होता तो पारीच्या पिठाचा! गोळ्याला लागणारे अतिशुद्ध स्निग्ध पदार्थ जगात मोजके लोक बनवतात, आणि ते रातोरात वाढवता येत नाहीत. वर्ध्याच्या एका कंपनीतही त्या वेळी अ‍ॅम्फोटेरिसिनची इंजेक्शनं तयार होऊ लागली, ती मात्र लायपोसोम नव्हती, वेगळ्या प्रकारचं स्निग्ध मिश्रण होतं. अडलेल्यांना त्याचाही आधार झाला.

त्याच वर्षी, त्याच काळात, दुसरीकडे काय चाललं होतं बघा. फायझर आणि मॉडर्नाच्या एमआरएनए लशी जगभर कोट्यवधी दंडांत टोचल्या जात होत्या. त्यांतला एमआरएनए हा धागा इतका नाजूक की उघडा टोचला तर पेशीत शिरायच्या आधीच त्याचे तुकडे होतात. त्याला सांभाळून नेणारा पुन्हा एक चरबीचाच गोळा, बँगहॅमच्या गोळ्याचा पुतण्या म्हणा. तो गोळा काही कोरोनासाठी शोधलेला नव्हता. २०१८ मध्ये एका दुर्मीळ आनुवंशिक आजारावरच्या औषधात तो आधीच वापरला गेला होता. म्हणजे एकाच मे महिन्यात एका चरबीच्या गोळ्याने एका जगाला लस दिली आणि दुसऱ्या गोळ्याच्या तुटवड्यामुळे आपल्याकडे लोकांचे डोळे काढावे लागले. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या एमआरएनए लशीला भारतात आणीबाणीची परवानगी मिळाली ती जून २०२२ मध्ये. तोवर लाट ओसरली होती.

या सगळ्यावरून मला एक वाटतं. नॅनो-वैद्यकाचा आजवरचा खरा इतिहास हा यंत्रांचा नाहीच, तो वेष्टणाचा आहे. जादूची गोळी शोधता शोधता माणसाला कळलं की गोळी पुष्कळदा हाताशी असते, ती नीट गुंडाळता येत नव्हती. आणि गुंडाळायची कला ज्याच्या हाती, औषध त्याच्या हाती. अ‍ॅम्फोटेरिसिनच्या रेणूवरचा हक्क केव्हाच संपला, कुणीही बनवावं. पण पारी बनवणारे हात, शुद्ध स्निग्ध पदार्थ, प्रत्येक गोळा ८० नॅनोमीटरचाच निघेल अशी यंत्रणा, आणि ती तपासणारी माणसं, हे पेटंट संपलं म्हणून आपोआप येत नाही. त्यासाठी परळसारख्या ठिकाणी वीस-वीस वर्षं कुणीतरी खपावं लागतं, आणि त्यांच्यामागे कुणीतरी पैसा लावावा लागतो, लाट यायच्या आधी.

काही जण म्हणतील, किंमत शेवटी उतरतेच, थोडा धीर धरा. उतरते, हे खरं. पण ती उतरेपर्यंत जो खाटेवर असतो त्याने धीर कसा धरायचा? मुझफ्फरपूरच्या मजुराला दानाची कुपी मिळाली, मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गाला २०२१ मध्ये पैसे असूनही मिळाली नाही. तेव्हा हा प्रश्न फक्त गरिबांचा आहे असंही समजायचं कारण नाही.

पुढच्या वेळी पुरवणीत तो पोहणारा यंत्रमानव दिसला तर मी काही चिडणार नाही. स्वप्नं हवीतच. कदाचित तो येईलही. मला फक्त त्याच पानावर, एखाद्या कोपऱ्यात का होईना, ही बातमीही वाचायची आहे, की हे स्निग्ध पदार्थ आता आपल्याकडे किती किलो तयार होतात, लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनची एक कुपी जिल्हा रुग्णालयात कितीला पडते, आणि किती शिल्लक आहेत. बातमी रुक्ष आहे, तिला चित्र लागणार नाही. पण त्या मे महिन्यात फोन घेऊन बसलेल्या कुणालाही विचारा, ती ते आधी वाचतील.